तहसील कचेरीतली अरबी: धातू आणि वजन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किताब (पुस्तक), कातिब (लिहिणारा), मकतब (लिहिण्याची जागा), मकतूब (लिहिलेलं) हे सगळे शब्द क-त-ब या तीन अक्षरांतून निघतात असं तुम्ही वाचलंत. मग अरबीतले सगळेच शब्द असे तीन अक्षरांतून निघतात का? मधले स्वर कोण ठरवतं? आणि एकदा ही मूळ अक्षरं, म्हणजे धातू, कळला की नव्या शब्दाचा अर्थ आपला आपल्याला लावता येतो का?

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण याच समजुतीपायी शिकणाऱ्यांची पहिली दोन वर्षं फुकट जातात. नाही, लावता येत नाही. धातूवरून शब्द कोणत्या आळीत राहतो तेवढं कळतं. घर कुठलं ते ‘वजन’, म्हणजे शब्दाचा ठेका, सांगतं. आणि आत कोण बसलंय ते बघायला कोशच उघडावा लागतो. मी तीस वर्षं अरबी कागदांची भाषांतरं करतोय, त्यातली अकरा मस्कतमध्ये गेली, पण कोश अजून टेबलावरून हललेला नाही.

क-त-बपासून मी सुरुवात करणार नाही. प्रत्येक पुस्तक तिथूनच सुरू होतं, आणि मराठी माणसासाठी त्या उदाहरणात एक खड्डा आहे. त्याच्याकडे पुढे येतो. आपण तहसील कचेरीत जाऊ. हे वाक्य बघा:

‘नायब तहसीलदारांनी मामल्याचा तपशीलवार खुलासा मागवला आणि महसूल वसुलीचा अहवाल मंजूर केला.’

नायब, तहसील, मामला, तपशील, खुलासा, महसूल, वसूल, अहवाल, मंजूर. नऊ शब्द अरबी. ते थेट अरबस्तानातून आपल्याकडे उतरलेले नाहीत, फारसी दफ्तरांच्या वाटेने आले. म्हणून ‘दार’ आणि ‘वार’ ही शेपटं फारसी आहेत. हाडं मात्र अरबी.

आता ‘तहसील’ आणि ‘महसूल’ एकाखाली एक लिहा. दोन्हींत ह, स, ल ही व्यंजनं त्याच क्रमाने आहेत. यांचा तिसरा भाऊ आपण रोज वापरतो: ‘त्यात काय हशील?’ मधला हशील, मूळ अरबी ‘हासिल’. तिघांच्या मुळाशी कल्पना एकच, पदरात पडणं. हासिल म्हणजे पदरात पडणारं, महसूल म्हणजे पदरात पडलेलं, आणि तहसील म्हणजे ते गोळा करण्याची क्रिया. जिथे ही क्रिया चालते त्या हद्दीला आणि कचेरीलाही आपण तहसील म्हणू लागलो.

आता उलट बाजूने बघा. ‘तहसील’ आणि ‘तपशील’ मोठ्याने म्हणा. अक्षरं वेगळी, ठेका एकच. तपशील मूळचा ‘तफसील’, धातू फ-स-ल, म्हणजे वेगळं करणं. तफसील म्हणजे एकेक बाब सुटी करून मांडणं. याच धातूचा ‘फैसला’: भांडणाऱ्या दोघांना वेगळं करणारा निर्णय. ‘फसली साला’तला फसलही हाच: वर्षाचा सुटा तुकडा, म्हणजे हंगाम, आणि मग त्या हंगामाचं पीक.

तसंच ‘महसूल’ आणि ‘मंजूर’. इथेही ठेका एक. मंजूर हा न-ज-र या धातूचा, म्हणजे ‘नजर’ जिथून येते तिथला. शब्दशः ‘पाहिलेलं’. कारकून कागद पुढे ठेवतो, साहेबाची नजर त्यावरून फिरते, कागद मंजूर होतो. सरकारी कामकाजाचं याहून नेमकं वर्णन मला तरी माहीत नाही.

एका जोडीत अक्षरं तीच आणि ठेका बदललेला, दुसऱ्या जोडीत ठेका तोच आणि अक्षरं बदललेली. अरबी शब्द या दोन्हींच्या फुलीवर तयार होतो. नुसती अक्षरं उच्चारताही येत नाहीत. ह-स-ल हा शब्दच नाही, तो शब्दाचा माल आहे. नुसत्या ठेक्यालाही अर्थ नाही. तुमचा दुसरा प्रश्न होता, स्वर कोण ठरवतं. ठेका ठरवतो.

या ठेक्याला अरबी व्याकरणकारांनी नाव दिलं ‘वझ्न’. म्हणजे आपलं वजन, तोच शब्द. आणि शब्द घडवण्याच्या शास्त्राला म्हणतात ‘सर्फ’, म्हणजे फिरवणं, पालटणं. नाणी पालटून देणारा तो ‘सर्राफ’, आपला सराफ. आपल्याकडे धातू म्हणजे सोनं-चांदीही आणि क्रियापदाचं मूळही. त्यामुळे वर्गात मी पहिल्याच दिवशी सांगतो की समोर सराफाचं दुकान आहे असं समजा: धातू तोच, साचा बदलला की कधी अंगठी, कधी तोडा. हा श्लेष अरबाला कळणार नाही, मराठी माणसालाच कळेल.

साचे मोजायला त्यांनी एक नमुन्याचा धातू ठरवला: फा-ऐन-लाम, अर्थ ‘करणं’ (ऐन हे घशातलं अक्षर, देवनागरीत ते अ किंवा नुसता स्वर होऊन येतं). पहिलं मूळाक्षर म्हणजे फा, दुसरं ऐन, तिसरं लाम. मग प्रत्येक वजनाला त्याचंच नाव. हासिल हा ‘फाइल’च्या वजनावर (कचेरीतली फाइल नव्हे), महसूल ‘मफऊल’च्या, तहसील ‘तफईल’च्या. आपण यमाताराजभानसलगा म्हणत गण पाडतो ना, तसलाच हा प्रकार. शब्द समोर आला की आधी तो कुठल्या वजनावर बसतो ते बोटांवर मोजायचं.

मराठीला ही युक्ती अगदीच परकी नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे, तरणे-तारणे. व्यंजनं जागच्या जागी, आतला स्वर ताणला की ‘आपोआप होणं’चं ‘कुणीतरी करणं’ झालं. आपल्याकडे ही गोष्ट काही मूठभर क्रियापदांत दिसते, बाकी सगळा कारभार प्रत्यय शेवटी चिकटवून चालतो. अरबीने मात्र सगळा संसारच आतल्या स्वरांवर मांडलाय.

वजनं किती? पुस्तकांत शेकड्यांनी सापडतील. रोजच्या वाचनाला वीस-पंचवीस पुरतात, आणि त्यांतली निम्मी तुमच्या तोंडात आधीच बसली आहेत. माझं आवडतं वजन ‘फअ्आल’: मधलं अक्षर दुहेरी, त्यानंतर लांब आ. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करणारा, म्हणून त्या धंद्याचा माणूस. हम्ल म्हणजे ओझं, ते उचलणारा हम्माल, आपला हमाल. वाट दाखवणारा दल्लाल, आपला दलाल. रक्त काढायला तुंबड्या लावणारा हज्जाम. अत्तर विकणारा अत्तार. ‘कौल’ म्हणजे बोल, वचन; बोल गाणारा कव्वाल. ‘जिल्द’ म्हणजे कातडी, म्हणून पुस्तकाचीही जिल्द. आणि कातडीवर फटके मारणारा तो जल्लाद. सराफ वर आलाच. मराठीने बहुतेक ठिकाणी दुहेरी अक्षर सैल करून टाकलं. जल्लाद, अत्तार आणि कव्वालात ते टिकलं.

हेच वजन आजही जोरात चालतं. विसाव्या शतकात यंत्रं आली तेव्हा अरबांनी त्यांना धंदेवाल्या माणसाचं वजन दिलं, शेवटी एक स्त्रीलिंगी ‘आ’ लावून. थल्ज म्हणजे बर्फ, म्हणून फ्रिज झाला थल्लाजा. ग-स-ल म्हणजे धुणं, वॉशिंग मशीन झालं गस्साला. सैर करणं तुम्हाला ठाऊक आहे. मोटार झाली सय्यारा. हा शब्द कुराणात यूसुफच्या कथेत आहे, तिथे त्याचा अर्थ वाटसरूंचा तांडा. जुन्या तांड्याला चाकं लागली. विमान ताइरा किंवा तय्यारा, आणि वैमानिक तय्यार. हो, आपला ‘तयार’ही इथलाच, कोशकार सांगतात की शिकारी ससाणा उडायला सज्ज झाला की त्याला तय्यार म्हणत, आणि तिथून तो फारसी-हिंदुस्तानीत आला. दमास्कसला १९१९ मध्ये आणि कैरोला १९३२ मध्ये भाषेच्या अकादमी स्थापन झाल्या, त्यांचं बरंच काम या पद्धतीने चालतं: नव्या वस्तूसाठी जुना धातू शोधा आणि योग्य वजनात ओता. सगळे शब्द रुजले असं नाही. पण थल्लाजा शेजारच्या आजीबाईही म्हणतात.

जागेचं वजन ‘मफअल’, कधी ‘मफइल’. मस्कतच्या रस्त्यावर माझी अरबीची खरी शिकवणी दुकानांच्या पाट्यांवर झाली. मतअम म्हणजे खाणावळ, मख्बझ म्हणजे पाव भाजण्याची जागा (आखातात राहून आलेल्या कुणालाही ‘खुबूस’ विचारा, तो याच धातूचा), मगसला म्हणजे लाँड्री, मतार म्हणजे विमानतळ, ‘उडण्याची जागा’. आपल्याकडे याच वजनाची मशीद आहे, ‘माथा टेकण्याची जागा’. मदरसा, मकबरा, मजलस आहेत. ‘मजल दरमजल’ करतो ती मजल म्हणजे मन्झिल, प्रवासात खाली उतरण्याची जागा. विदर्भातली नझूलची जमीन त्याच न-झ-ल या ‘उतरण्या’च्या धातूतली. आणि पेशवाईतला मुदपाकखाना? तो ‘मतबख’, म्हणजे रांधण्याची जागा. आपण त्यात ‘पाक’ ऐकला आणि शब्दाला मराठी वेश चढवला.

क्रियापदांची गोष्ट जरा निराळी. एका साध्या धातूवरून साधारण नऊ वाढीव रूपं चालतात, म्हणजे मूळ धरून दहा. प्रत्येक धातूची दहाही रूपं वापरात नसतात. एकच धातू जवळून बघू: काफ-बा-लाम, तोही घशातला काफ. मूळ चित्र ‘पुढा’, समोरची बाजू.

साधं रूप ‘कबिल’: त्याने स्वीकारलं, समोर आलेलं घेतलं. आपलं कबूल इथलं. मधलं अक्षर दुहेरी केलं, ‘कब्बल’: त्याने मुका घेतला. पहिल्यानंतर स्वर लांबवला, ‘काबल’: तो समोरासमोर आला, भेटला. या तिसऱ्या रूपात नेहमी समोर दुसरा कुणीतरी लागतो. त्याचं क्रियावाचक नाम ‘मुकाबला’. आपण त्यात लढाई पाहिली. आजच्या अरबीत मुकाबला म्हणजे नोकरीची मुलाखत (ज्याने दिली आहे त्याला दोन्ही अर्थ पटतील). अल-ख्वारिझ्मीच्या बीजगणितात मुकाबला म्हणजे समीकरणाच्या दोन बाजू एकमेकींसमोर ठेवून सारखी पदं काढून टाकणं. पुढे ‘त’ लावला, की सहावं रूप ‘तकाबल’: ते एकमेकांना भेटले. ‘इस्त’ लावला, ‘इस्तक्बल’: पाहुण्याला सामोरा गेला. कुठल्याही अरबी हॉटेलात स्वागतकक्षावर ‘इस्तिक्बाल’ लिहिलेलं असतं. आणि ज्याला आपण सामोरे जाणार आहोत तो ‘मुस्तक्बल’, भविष्यकाळ. नमाजात तोंड करायची दिशा किब्ला. जुन्या मराठी कागदांत बायकोला आणि कुटुंबाला ‘कबिला’ म्हटलेलं दिसतं, तोही या आळीतला.

तिसऱ्या रूपाचा ठेका, ‘मुफाअला’, कानात बसवून घ्या. मामला म्हणजे मुआमला, ऐन-मीम-लाम: काम. एकमेकांशी चाललेलं काम, व्यवहार. त्याचा मामलेदार. अंमल, अंमलदार, मामुली हे त्याचेच सोयरे. शेर-शायरीचा मुशायरा पण याच वजनाचा, कवी समोरासमोर. सहाव्या रूपाचं मराठीतलं सगळ्यात रंगेल अपत्य म्हणजे तमाशा. धातू म-श-य, चालणं. ‘तमाशी’ म्हणजे मिळून फिरणं. फारसीत गेल्यावर फिरायला जाऊन बघायचं ते, आणि महाराष्ट्रात आल्यावर ढोलकी.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता दुबळी अक्षरं. धातूत ‘वाव’ (आपला व) किंवा ‘या’ (आपला य) असेल तर ते अक्षर जागेवर बसत नाही. कधी स्वर होतं, कधी हम्झा (घशात आवाज क्षणभर अडवून होणारं अक्षर) होतं, कधी शेजाऱ्यात विरघळतं. आपल्या वाक्यातला ‘नायब’ घ्या. धातू न-व-ब, मूळ अर्थ पाळी. दुसऱ्याच्या पाळीवर उभा राहणारा तो नायब. फाइलच्या वजनावर ‘नाविब’ व्हायला हवा होता. लांब आ नंतर वावची हम्झा झाली, ‘नाइब’. त्याच्या अनेकवचनात वाव परत हजर: ‘नुव्वाब’. हिंदुस्तानात त्याचा नव्वाब, नवाब झाला आणि आदरार्थी म्हणून एकट्याला लागू लागला. म्हणजे व्याकरणाने पाहिलं तर तीन-चार नायब तहसीलदार जमले की नवाब होतात. पाळीपाळीने वाजवायची ती नौबत. आणि ‘ही नौबत आली’ म्हणतो तेव्हा आपण मूळ अर्थाच्या फार जवळ असतो.

याच दुबळ्या अक्षराने मला मस्कतमध्ये पहिल्याच महिन्यात पाडलं. एका कागदावर ‘मुत्तहिदा’ शब्द होता. मी म काढला, त-ह-द धातू धरला आणि अर्धा तास कोश चाळला. असा धातूच नाही. शेजारच्या टेबलावरच्या सुदानी कारकुनाने न बोलता कोश ओढून घेतला आणि वावचं पान उघडून दिलं. धातू व-ह-द, एक असणं, ‘वाहिद’मधला. आठव्या रूपात पहिल्या अक्षरानंतर त घुसतो, आणि पहिलं अक्षर वाव असेल तर तो त त्याला गिळून दुहेरी होतो: इव्तिहादचं इत्तिहाद. ‘मुत्तहिदा’ म्हणजे संयुक्त. अमिरातींच्या नावातला शेवटचा शब्द.

अशी फजिती टाळायला अरबी विद्यार्थ्यांना एक शब्द पाठ करून देतात: ‘सअल्तुमूनीहा’. अर्थ, ‘तुम्ही मला तिच्याबद्दल विचारलंत’. वजन घडवताना धातूत बाहेरून जी अक्षरं मिसळतात ती सगळी या एका शब्दात आहेत: सीन, हम्झा, लाम, ता, मीम, वाव, नून, या, हा, अलिफ. शब्दात याबाहेरचं अक्षर दिसलं की ते धातूचंच असतं. आठव्या रूपात साद-झादसारख्या जड (जीभ मागे दाबून उच्चारायच्या) आणि आणखी काही अक्षरांजवळ त बदलतो तेवढा अपवाद. यातलं अक्षर असेल तर संशय घ्यायचा, कारण तेही धातूचं असू शकतं. (स-ल-म बघा, तिन्ही अक्षरं संशयित आणि तिन्ही खरी. सलाम, सलामत, इस्लाम, मुस्लिम.)

मराठीतले शब्द उकलताना आणखी एक शेपूट आधी कापा. अरबी स्त्रीलिंगी शेवट फारसीत दोन रूपांनी आला, कधी ‘त’ कधी ‘आ’. म्हणून एकीकडे हिकमत, मसलत, जमात, अदालत, हुकूमत, आणि दुसरीकडे मामला, मुकाबला, खुलासा, फैसला. तो त आणि तो आ एकच, धातूत धरायचा नाही. मसलत मूळ ‘मस्लहत’; शेवटचा त काढा, पुढचा म काढा: स-ल-ह. आता ‘सल्ला’ बघा, मूळ ‘सलाह’: स-ल-ह. म्हणजे सल्लामसलत करताना आपण एकाच धातूला दोनदा विचारतो.

आता अहवाल. अरबीत अनेकवचन बहुतेकदा शब्द आतून मोडून होतं. ‘हाल’चं अनेकवचन अहवाल, दबलेला वाव इथेही वर आला. सबबचं असबाब, ‘वलद’चं अवलाद, खबरचं अखबार. अमीरचं उमरा, आपला उमराव. मराठीने ही अनेकवचनं एकवचनं म्हणून घेतली आणि पुन्हा आपली अनेकवचनं लावली, ‘उमरावांनी अहवाल दिले’. अरब हसेल. पण भाषा अशाच चालतात. शिकणाऱ्याला मात्र प्रत्येक नामाबरोबर त्याचं अनेकवचन पाठच करावं लागतं. कुठल्या नामाला कुठलं वजन लागेल याचा अंदाज अनुभवाने येतो, नियम पूर्ण हात देत नाही.

लिहिताना अरबीत ऱ्हस्व स्वर आणि दुहेरी अक्षराची खूण सहसा लिहीत नाहीत. क-त-ब एवढंच दिसतं, ते ‘कतब’ (त्याने लिहिलं), ‘कुतिब’ (लिहिलं गेलं) की ‘कुतुब’ (पुस्तकं) हे वाचणाऱ्याने ओळखायचं. त्यावरची माझी कमाई अशी: ‘नव्या मदरशाला पाण्याची जोडणी हवी’ असा अर्ज होता. मदरसा आणि मुदर्रिसा, म्हणजे शाळा आणि शिक्षिका, लिहायला अगदी सारखेच. दोन्ही स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘नवी’ हे विशेषणही मदत करत नाही. माझ्या इंग्रजी भाषांतरात नव्या शिक्षिकाबाईंना नळ जोडून द्यायची विनंती वरपर्यंत गेली. तेव्हापासून मी वाक्य संपेपर्यंत पहिल्या शब्दाचं वजन पक्कं धरत नाही.

कोशाचं सांगतो, कारण धातू शोधायचा तो कोशासाठीच. अरबीचा पहिला मोठा कोश आठव्या शतकात बसऱ्याच्या अल-खलील इब्न अहमदने रचायला घेतला. त्याने अक्षरं कंठापासून ओठांकडे लावली. ऐनपासून सुरू, म्हणून कोशाचं नावच ‘किताब अल-ऐन’. आपल्या क-वर्ग ते प-वर्गाची आठवण येतेच. खलीलने तीन अक्षरं घेऊन त्यांचे सहाही क्रम मांडले आणि कुठला वापरात आहे, कुठला पडून आहे हे नोंदवलं. वापरातल्याला शब्द ‘मुस्तअमल’, पुन्हा ऐन-मीम-लाम, आपल्या मामलेदाराचा भाऊबंद. इब्न मंजूरचा १३व्या शतकातला ‘लिसान अल-अरब’ धातूच्या शेवटच्या अक्षराने लावलेला आहे. आज आपल्यासारखे लोक वापरतात तो हान्स वेर यांचा, मूळ जर्मन १९५२ चा, इंग्रजी १९६१ चा. तो पहिल्या मूळाक्षराने. त्यात मकतब शोधायला ‘म’वर गेलात तर काही मिळणार नाही, ‘क’वर जा.

आता तो खड्डा. ‘हिंद केसरीचा किताब’ म्हणतो तो किताब आणि पुस्तकवाला किताब एक नाहीत. पहिला मूळचा ‘खिताब’: खा-ता-बा, ता जड. धातूचा अर्थ उद्देशून बोलणं. ज्या नावाने संबोधायचं ती पदवी म्हणजे खिताब. शुक्रवारचा खुतबा, तो देणारा खतीब (कोकणात हे आडनाव आहे) हे त्याचे नातेवाईक. क-त-बशी काही संबंध नाही. मराठीने ख सोडला आणि दोन आळ्या एक झाल्या.

असे खड्डे पुष्कळ, कारण अरबीतले चार निरनिराळे वर्ण आपण एका ज किंवा झमध्ये कोंबतो, तीन निरनिराळे एका समध्ये, आणि ऐन तर ऐकूच येत नाही. नजराणा ‘नजर’मधून आला असं वाटतं, तो ‘नझ्र’, म्हणजे नवस, भेट, वेगळा धातू. इमारत म्हणजे वास्तू, ती ऐनने सुरू होते. अमिरात ज्यावरून आली तो शब्दही ‘इमारत’, पण हम्झाने सुरू, अमीरचा. देवनागरीत जुळे, अरबीत ओळखसुद्धा नाही. म्हणून मराठी शब्दावरून धातू ठरवताना अरबी लिपीतलं स्पेलिंग बघितल्याशिवाय बोलू नका. मी वर जी अक्षरं देवनागरीत दिली ती केवळ सोयीची आहेत.

आणि धातू खरा सापडला तरी अर्थ हाती लागेल असं नाही. खा-लाम-साद: शुद्ध होणं, सुटं होणं. यातून खालिस आणि आपलं निखालस, खुलासा म्हणजे गाळून घेतलेलं सार, खालसा म्हणजे मध्ये कुणी जहागीरदार नाही असा थेट सरकारी मुलूख, खलास म्हणजे सुटलं, संपलं, आणि खलाशी. प्रत्येकाची वाट मागे वळून सांगता येते. पण पुढे पाहून, नुसत्या धातूवरून, खलाशी जहाजावर काम करतो हे कुणाच्या बापाला कळलं असतं? ऐन-झाल-बा या धातूत ‘अझाब’ म्हणजे यातना आणि ‘अझ्ब’ म्हणजे गोडं पाणी. तुमच्या क-त-बमधला ‘कतीबा’ म्हणजे सैन्याची तुकडी, कारण या धातूचा जुना अर्थ शिवून एकत्र करणं असाही आहे. अशा वेळी ओढूनताणून गोष्ट रचणारे बरेच भेटतात. ऐकायला छान असतं, भाषांतराला उपयोगी नाही.

राहिला पहिला प्रश्न, सगळेच शब्द तीन अक्षरांचे का. नाही. सर्वनामं, ‘मध्ये’, ‘पासून’ असले शब्द या कारखान्यात येतच नाहीत. चार अक्षरी धातू आहेत: तर्जुमा त-र-ज-म चा, आणि भूकंपाचा ‘झल्झला’, आपल्या खडखड-गडगडसारखा जोडीने वाजणारा. बाहेरून आलेले शब्द तर दारात आले की त्यांची हाडं मोजली जातात. टेलिफोन आला, त्यातून त-ल-फ-न असा चार अक्षरी धातू काढून ‘तल्फन’, त्याने फोन केला, असं क्रियापद केलं. बँक आली, तिचं अनेकवचन ‘बुनूक’. आणि फिल्म आली तेव्हा तिच्यात फ, ल, म अशी नेमकी तीन व्यंजनं निघाली. अरबाला आणखी काय हवं? अहवाल, असबाब, अवलाद, तसे ‘अफ्लाम’.